उजव्या कानाचा हंगाम

दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीतच लटकतोय आणि थंडी येऊन पोहोचलीसुद्धा. सोलापूरची थंडी म्हणजे नावालाच. सकाळी नळाचं पाणी बोटांना जरा चावतं, दहा वाजले की ऊन पुन्हा डोक्यावर येऊन बसतं. पण एवढ्याशा गारव्यानेही माझी नजर कॅलेंडरकडे जायला लागते, आणि हे आजचं नाही, बावीस वर्षांचं आहे. या दिवसांत लोकांना हुरड्याची आठवण येते. मला मैदानं आठवतात. तुडवलेल्या गवताचा वास, हजारो पायांनी उडवलेली धूळ, अंधारात एकदम पेटणारे निळे-लाल दिवे, आणि पहिला ड्रम वाजायच्या आधीचा तो क्षण, ज्यात सगळं मैदान श्वास धरून उभं असतं.

आमच्या घरात हंगाम हा शब्द दोघांचा आहे. माझे यजमान श्रीपूरला साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांचा हंगाम उसाचा. बॉयलर पेटला की ते तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडालाच परत येतात, कपड्यांना मळीचा वास घेऊन. माझा हंगाम नेमका त्याच दिवसांत, पुण्याला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मोकळ्या मैदानांवरचे रॉक आणि पॉपचे कार्यक्रम. "तुमचं गाळप, माझा गोंगाट," असं मी त्यांना म्हणते. सोलापूरच्या भवानी पेठेत राहणारी शेहेचाळीस वर्षांची विज्ञानाची बाई शनिवारी सकाळी काळा टी-शर्ट घालून गिटार ऐकायला पुण्याची गाडी पकडते, हे आमच्या शाळेत अजून कुणाला पचलेलं नाही. पचू नये असंच मला वाटत आलंय. माणसाकडे एखादी गोष्ट तरी अशी असावी की जी बघून शेजारचे गोंधळतील.

दिवाळी संपली की फोनवर याद्या यायला लागतात. कोण कधी येणार, कुठल्या मैदानावर, किती वाजता दरवाजे उघडणार. मग मी शाळेचं वेळापत्रक आणि चाचणी परीक्षा समोर घेऊन शनिवार-रविवार जुळवत बसते. खरं सांगायचं तर निम्मा आनंद त्या जुळवण्यातच असतो. या वर्षीही यादी आलीये. जानेवारीतल्या दोन दिवसांच्या मोठ्या कार्यक्रमात, पार तळाला, सगळ्यात बारीक अक्षरांत, कॉलेजातल्या चार पोरापोरींच्या एका बँडचं नाव आहे. त्यात गाणारी सई माझी मुलगी. पुण्यात शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या बँडच्या आधी त्यांना वीस मिनिटं मिळाली आहेत.

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला वाटतंय की हा हंगाम येऊच नये.

कारण सप्टेंबरात कानाच्या डॉक्टरांनी मला एक कागद दाखवला. माझा डावा कान जवळजवळ गेलाय. उजवा निम्मा उरलाय. "आता मोठ्या आवाजाच्या जवळ जायचं नाही," ते म्हणाले. "आहे ते जायला एखादी संध्याकाळसुद्धा पुरेल. उरलंय ते जपायचं." यजमानांना सांगितलं. आप्पांना, म्हणजे आमच्याजवळच राहणाऱ्या माझ्या वडिलांना, सांगितलं. सईला नाही सांगितलं. तिचा मध्यंतरी निरोप आला होता, "आई, तू एकदम पुढे हवीस, मधोमध, कठड्याला चिकटून. मला घाबरायला झालं तर तू दिसली पाहिजेस." मी लगेच हाताचा अंगठा पाठवून दिला. मग पोळ्या करत बसले आणि एक पोळी तव्यावर काळी होईपर्यंत मला कळलं नाही.

आप्पा मूळचे वैरागचे. जमीन कोरडी आणि भाऊ चार, म्हणून तरुणपणीच सोलापूरला आले आणि भवानी पेठेत मागावर लागले. सोळा यंत्रमागांची एक लांबट पत्र्याची शेड होती. चादरी आणि टॉवेल निघायचे तिथे. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून दुपारचा डबा घेऊन जायचे. आई सांगायची डबा ठेव आणि ये, पण मी तिथेच रमायचे. दाराच्या आत पाऊल टाकलं की आवाज अंगावर यायचा. सोळा धोटे ताण्यातून सूत नेत इकडून तिकडे आपटत असायचे. पायाखालची फरशी थरथरायची, दात थरथरायचे, छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलायचं. सुताची भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगत असायची. सुताच्या कांड्यांच्या ढिगावर बसून मी तो आवाज नुसता पीत राहायचे. एवढ्या गोंगाटात मला कितीदा झोप लागलीये. आप्पा मला उचलून घरी आणत आणि शांत खोलीत आणलं की मी जागी होऊन रडायचे, असं आई सांगायची.

त्या शेडमध्ये कुणी ओरडायचं नाही. ओरडून उपयोगच नव्हता. तिथे बोलायची एक वेगळीच रीत होती. तोंड मोठं उघडून, ओठ नीट हलवून, आवाज अजिबात न काढता बोलायचं. पलीकडच्या टोकाचा माणूस ते ओठांवरून वाचणार आणि तसंच उत्तर देणार. सोबत हाताच्या चार खुणा. कपाळाला बोट लावलं की मालक आला. मनगट फिरवलं की चहा सांगितलाय. आप्पांचे बरेचसे सोबती तेलुगू बोलणारे. आप्पांना आजतागायत तेलुगूतलं एक वाक्य धड बोलता येत नाही, पण ओठांवरचं तेलुगू त्यांना सगळं कळायचं. शेडच्या बाहेर तोच माणूस तेच बोलला की आप्पा बावचळायचे. "आतमदी बोल की," म्हणायचे, "भाईर मला कळत न्हाय." मलाही ती रीत आपोआप आली. अक्षरं गिरवायला शिकले त्याच वर्षी मी ओठ वाचायला शिकले. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येत होतं.

पहिला कार्यक्रम मी बघितला तो पुण्याला बी.एड. करत असताना. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीची बहीण आयत्या वेळी आजारी पडली आणि तिचं तिकीट माझ्या वाट्याला आलं. मला गाणी माहीत नव्हती, भाषा निम्मी कळत नव्हती. गर्दीतून रेटत रेटत आम्ही पुढे गेलो आणि स्पीकरचा तो उंच मनोरा जिथे उभा होता तिथेच अडकलो. पहिला ठोका पडला. फरशीऐवजी माती थरथरली, दात थरथरले, छातीच्या पिंजऱ्यात ते जुनं काहीतरी हललं. मी रडायला लागले. मैत्रिणीला वाटलं मला भीती वाटली. मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. त्या दिवसापासून मी कधीही कुठल्याही मैदानावर गेले तरी माझी जागा ठरलेली. तोच मनोरा, माझ्या डाव्या हाताला.

आप्पांना यातलं काही पटायचं नाही. "पैसं दिऊन आवाज ऐकाया जाती व्हय?" ते हसत. "आमाला तर मालक आवाज ऐकायचं पैसं द्यायचा." तोपर्यंत त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना किंवा कुणालाच काही वाटत नव्हतं. गल्लीत त्या वयाचे सगळेच तसे. समोर जाऊन उभं राहायचं आणि तोंड उघडून बोलायचं, झालं.

सई अकरा वर्षांची झाल्यावर मी तिलाही न्यायला लागले. तिच्या कानावर मी कापसाचे बोळे आणि वरून लोकरीची टोपी असा बंदोबस्त करायचे. तिला इतकं जपलं आणि स्वतःच्या कानाचा विचारही केला नाही, हे आत्ता लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पहिल्याच वर्षी दारावरच्या तपासणीत आमचा डबा पकडला गेला. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. तपासणाऱ्या बाईंनी झाकण उघडलं तर आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "हे काय घेऊन आलात?" त्यांनी विचारलं. "सोलापूरहून आलोय," मी म्हटलं, जणू त्यात सगळं आलं. शेवटी आम्ही तिघी त्यांच्या टेबलामागे उभ्या राहून डबा संपवला. आत गिटार जुळवायला सुरुवात झाली होती आणि त्या बाई बोटं चाटत म्हणत होत्या, थोडी कागदात बांधून द्या.

त्याच कार्यक्रमात सई गर्दीत माझ्यापासून दहा माणसं लांब गेली. आजूबाजूला सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि शेजारच्याला शेजारचा ऐकू जात नव्हता. सईने लांबूनच माझ्याकडे बघून तोंड मोठं उघडलं आणि ओठ हलवले, "आई, शू लागली." आप्पांनी तिला शेडमधलं बोलणं कधी शिकवलं होतं कोण जाणे. मी हसत हसत माणसं बाजूला सारत तिच्यापर्यंत गेले. पुढे दर वर्षी त्या कोलाहलात आम्ही दोघीच निवांत गप्पा मारायचो. या माणसाची पँट बघ. भूक लागली. हे गाणं मला लई आवडलं. लोक कानाशी तोंड नेऊन किंचाळत असायचे आणि आम्हा दोघींना मान वळवली की पुरे. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजायची. दोन दिवस, तीन दिवस, कधी आठवडाभर. आमच्या गल्लीत त्याला आजार कुणीच म्हणत नव्हतं. आप्पा संध्याकाळी शेडमधून आले की ओट्यावर बसत आणि म्हणत, "माग ऱ्हायलाय कानात." म्हणजे माग बंद झाला तरी कानात चालूच आहे. शेजारचे काका हेच म्हणत, समोरचे हेच म्हणत. दमल्यावर पाय दुखावेत, तितकी साधी गोष्ट. मलाही शीळ वाजली की मी तेच म्हणायचे, माग राहिलाय. उलट बरं वाटायचं, कार्यक्रम अजून आपल्यासोबत आहे म्हणून. एकदा ती शीळ गेलीच नाही. महिना झाला, वर्ष झालं. मी विज्ञान शिकवते. आठवीच्या पुस्तकातला ध्वनी मी दर वर्षी फळ्यावर काढते, कानाच्या पडद्यासकट. तरी मला एकदाही वाटलं नाही की ही शीळ कुणाला तरी दाखवावी.

मग ते मास्कचे दिवस आले. शाळा पुन्हा उघडली, पोरं नाकातोंडावर फडकी बांधून वर्गात बसली, आणि मला कुणाचंच बोलणं कळेना. मला वाटलं, वर्षभर घरात बसून पोरं पुटपुटायला लागलीत. मग बाजारात, बँकेत, रिक्षात सगळं सोलापूरच पुटपुटतंय असं वाटायला लागलं. मी पोरांना रागवायचे, "स्पष्ट बोला की जरा!" मागच्या बाकावरची एक हुशार मुलगी रडकुंडीला येऊन तेच उत्तर चौथ्यांदा सांगत होती. मास्क उतरले आणि सगळे पुन्हा स्पष्ट बोलू लागले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. गेली कित्येक वर्षं मी कानांनी थोडंच आणि डोळ्यांनी बाकीचं ऐकत होते, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरात सर्दीने कान भरला म्हणून डॉक्टरांकडे गेले, ते असं निघालं. आलेखावरची रेघ खालच्या सुरांना बरी होती आणि वरच्या सुरांकडे जाता जाता खाली घसरत गेलेली. डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "तुम्ही मागावर किती वर्षं होतात?" मी म्हटलं, मी शिक्षिका आहे. त्यांनी वर बघितलं. "ही रेघ मागावरच्या माणसाची आहे. या गावात मी ती रोज बघतो." मग मी त्यांना शेडमधल्या दुपारी सांगितल्या, आणि जरा ओशाळून मैदानातल्या बावीस वर्षांच्या संध्याकाळीही सांगितल्या. "सुरुवात तिथे झाली," ते म्हणाले, "आणि पुढचं तुम्ही हौसेने केलंत." चांगला माणूस आहे, लागावं म्हणून बोलला नाही. पण लागलं. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, यंत्र लावून थोडी मदत होईल, गेलेलं परत येत नाही, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचे ओठ अगदी स्पष्ट हलत होते.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. समोर बसून, तोंड उघडून, मी सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग माझ्या डाव्या कानाकडे.

"तुजाबी गेला?"

"एक गेला. एक आहे अजून."

बराच वेळ ते हातावरच्या शिरा चोळत बसले. "म्याच म्हनायचो, माग ऱ्हायलाय म्हून," ते म्हणाले. "डाक्टरकडं चल म्हनायला पायजे हुतं. आमाला वाटायचं, कामाचं हाय, ऱ्हातंय. पर तू कुटं कामाला हुतीस, वैशे? तू तर पोरगी हुतीस." आप्पांना मी आयुष्यात दोनदा रडताना बघितलंय. एकदा आई गेली तेव्हा, आणि हे दुसऱ्यांदा. मी उठून दोरीवरचे कपडे काढायला लागले. आमच्यात बोलायचं म्हणजे एकमेकांकडे बघावं लागतं, आणि ते मला त्या क्षणी जमण्यासारखं नव्हतं.

तर असा हा हंगाम दारात येऊन उभा आहे. मी रोज स्वतःशी तेच भांडण भांडते. तिची वीस मिनिटं. तिने पहिलीत असताना स्नेहसंमेलनात माईकला घाबरून माझ्या पदराआड तोंड लपवलं होतं. तीच पोरगी आता एवढ्या मोठ्या मंचावर उभी राहणार. मी बावीस वर्षं परक्या लोकांसाठी कान झिजवले आणि माझ्या पोरीची पाळी आली तेव्हा माझ्याकडे निम्माच उरला. त्या निम्म्यातूनही मला आयुष्यभर तिचं बोलणं ऐकायचंय. तिचं लग्न झालं तर तिथलं, तिला पोरं झाली तर त्यांचं. ते सगळं एका संध्याकाळसाठी पणाला लावायचं का? आणि नाही गेले तर ती मंचावरून कठड्याकडे बघणार, मधोमध, आणि तिथे दुसरंच कुणीतरी असणार. मला राग येतो. कुणाचा ते धड ठरवता येत नाही, म्हणून तो भांड्यांवर निघतो.

मग एका संध्याकाळी, शाळेतून येऊन चहा घेत होते, तेव्हा सईचा व्हिडिओ कॉल आला. हल्ली मी साधा फोन घेतच नाही. "तुझं तोंड बघायचंय" म्हणून व्हिडिओ लावायला सांगते. तिने विचारलं, काय भाजी केलीस? म्हटलं, शेपू. आप्पांचा खोकला? कमी आहे. पेपर तपासून झाले? अगं कुठले, अजून एक गठ्ठा पडलाय, या वर्षी पोरांनी परावर्तनाची पार वाट लावलीये. मी हसत होते. सई हसत नव्हती. तिचा चेहरा हळूहळू असा झाला की मला वाटलं नेट अडकलं. मग तिने तोंड मोठं उघडलं आणि सावकाश ओठ हलवले, शेडमधल्यासारखे.

"आई, मी माझा आवाज बंद ठेवलाय. पहिल्यापासून."

आणि तेही मी ओठांवरूनच वाचलं.

कप माझ्या हातात तसाच राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात माईकवर काट मारलेली एवढीशी खूण होती. मी तिकडे बघितलंच नव्हतं. मी फक्त तिचं तोंड बघत होते.

त्याच रात्री तिने बाबांना फोन करून सगळं काढून घेतलं आणि शनिवारी दुपारी ती दारात उभी राहिली, पाठीवर बॅग, डोळे सुजलेले. नेमकी मागांची सुट्टी होती, त्यामुळे गल्ली गप्प होती. चप्पल काढायच्या आधीच तिने सुरू केलं. "दोन महिने, आई? दोन महिने तू मला सांगितलं नाहीस? दिवाळीत घरी होते की मी!" मी म्हटलं, तुझा सराव चालू होता. "खड्ड्यात गेला सराव. तू यायचं नाहीस जानेवारीत." "मी येणार." "मग मी गाणारच नाही!" आम्ही दोघी एकदम बोलत होतो, आप्पांकडे पाठ करून. आप्पा खुर्चीतून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून वैतागले. "येकेकीनं भांडा की! आन् तोंडं हिकडं करा, मला बी कळू द्या!" सईला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडली.

मग तिने बॅगेतून एक छोटी डबी काढली. आत मऊ रबराचे दोन बोळे. "हे आम्ही सगळे घालतो," ती म्हणाली. "वाजवणारे, गाणारे, सगळे. मोठे बँडवाले पण. आवाज कमी होतो पण गाणं कळतं. तू कधी बघितलं नाहीस त्यांच्या कानात?" मी बघितलं नव्हतं. बावीस वर्षं मी त्या लोकांचे ओठ बघितले, हात बघितले, कपडे बघितले. ज्यांनी तो आवाज केला त्यांनी स्वतःचे कान झाकून घेतले होते आणि मी आपली त्यांच्या स्पीकरला खेटून उभी होते. आप्पांनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. "आमाला बी मालकानं कापूस दिला हुता येकदा," ते म्हणाले. "आमी न्हाय घातला. माग काय म्हंतोय ते कळाया नगं?"

शेवटी ठरलं ते असं. बाकीची यादी मी पुसली, सगळीच्या सगळी, या वर्षाची आणि पुढच्याही वर्षांची. डॉक्टरांना विचारायचं, आणि ते हो म्हणाले तर जानेवारीत बोळे घालून जायचं, सईच्या वीस मिनिटांपुरतं, मैदानाच्या पार मागे. त्या जागेवर मी कधीच उभी राहिलेली नाही. मोठ्या बँडचा पहिला ठोका पडायच्या आत बाहेर.

"तिथून काय ऐकू येणार तुला?" सई म्हणाली.

"मोठा पडदा असतो की. तुझे ओठ दिसतील. शब्द न् शब्द कळेल मला."

आप्पांच्या हातातली डबी घेऊन तिने मिटली. तिच्या मनात काय आलं ते मला माहीत होतं. शब्द ओठांवर दिसतात. सूर दिसत नाही.

तिने मला स्वयंपाकघरात नेलं, पंखा बंद केला, खिडकी लावली, फ्रिजसुद्धा बंद केला. मला पाटावर बसवून स्वतः समोर बसली आणि त्यांच्या बँडचं नवं गाणं म्हणायला लागली, गिटार नाही, ड्रम नाही. उन्हाळ्यातल्या सोलापूरवरचं गाणं आहे, तिनेच लिहिलेलं. "उन्हा, जरा उशिरा ये," असं सुरू होतं. फार सुंदर म्हटलं तिने. संपल्यावर दारात टेकून बघणारे आप्पा म्हणाले, "लई झ्याक म्हंती की पोरगी." सईने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आप्पांच्या कानावर त्यातला एक सूरही पडलेला नव्हता. त्यांनी तिचं तोंड बघितलं होतं.

आणि मी? मीही सबंध गाणं तिच्या ओठांकडे बघत बसले होते. सुंदर म्हटलं असं मी म्हणाले, ते काय ऐकून?

"पुन्हा म्हण," मी म्हटलं. "माझ्या उजव्या बाजूला बस."

ती सरकून जवळ आली. मी तिचा हात धरला आणि डोळे मिटले.

पहिली ओळ आली, खालची, जरा घोगरी, छातीतून निघालेली. 'उशिरा'तला 'श' कुठेच नव्हता, शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या, पण सूर होता. धरून चालता येईल इतका होता. दुसरी ओळ आली. मग गाणं वर चढायला लागलं आणि चढता चढता ती माझ्या कानातून गेली. तिथे काहीच नव्हतं, फक्त माझ्या डाव्या कानातला माग चालू होता. डोळे उघडले असते तर ती हातभर अंतरावर होती, गात होती, सगळं दिसलं असतं. मी उघडले नाहीत. तिचा हात घट्ट धरून ती खाली यायची वाट बघत बसले.